अंगठा बाहेर

१

दुपारचं जेवण झालं की थोरला ताट विसळून पालथं घालायचा, हात पुसायचा आणि मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसायचा. वजनकाट्यावरची नोकरी संपल्यापासून हा नेम कधी चुकला नव्हता. पायरीसमोर अंगण, अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत, आणि भिंत जिथे संपते तिथे पत्र्याची शेड. भिंतीपलीकडे धाकट्याचं घर. भिंत बांधताना गवंड्याने विचारलं होतं, "शेडमधूनही न्यायची का?" दोघा भावांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा बिचाऱ्याने ती शेडच्या पत्र्याला टेकवून सोडून दिली. शेडला दोन दारं. एक थोरल्याच्या अंगणात उघडणारं, एक धाकट्याच्या. आत दोघांचा मिळून एक ट्रॅक्टर, दोघांपैकी कुणीच न वापरलेला.

पायरीवर बसलं की दुपारचे आवाज कानावर यायचे. पत्रा तापून तडतडायचा. पलीकडे भावजयीची बादली नळाखाली भरायची. आणि अधूनमधून शेडमधून एक आवाज यायचा, कुर्र. मग बऱ्याच वेळाने आणखी एक, जरा बारीक. जुनं लोखंड उन्हाने वाजतं, असं थोरल्याने कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि मग तिकडे कान देणं सोडलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे तरी कोण कान देतं?

धाकटा गेल्याला वर्ष होत आलं होतं. थोरला त्याला पोचवायला गेला नव्हता. माणसांची पावलं निघून जाईपर्यंत दाराला कडी लावून आत बसला होता. मग त्याने आपलं उजवं मनगट मांडीवर घेऊन पाहिलं. वाकडं ते वाकडंच होतं.

त्या मनगटाची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ. ट्रॅक्टर जुन्या काळचा, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचा. बॅटरी नाही, बटण नाही. एकाने पुढे उभं राहून हँडल मारायचं, दुसऱ्याने सीटवर बसायचं. सीटवरच्याच्या हाताशी, स्टेअरिंगच्या खाली, टायमिंगची लिव्हर. सुरू करताना ती खाली हवी. इंजिनाने धरलं की मग हळूहळू वर करायची. आधीच वर गेली तर ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मारणाऱ्याच्याच हातावर परत येतं. म्हणून वडिलांनी दोघा पोरांना सगळ्यात आधी शिकवला तो अंगठा. हँडलला विळखा घालायचा नाही. अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, म्हणजे झटका आला तर हात आपला आपण सुटतो. "अंगठा बाहेर!" म्हणून ते बांधावरून ओरडायचे.

पण सीटवर धाकटा असला की थोरला अंगठा आत घ्यायचा. त्याला दिसेल असा, हात जरा उंच धरून. मग विचारायचा, "बसलास?" वरून उत्तर यायचं, "बसलो, दादा." मग तो हँडल मारायचा.

एका सकाळी हँडल उलटं फिरलं. मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही. रोड रोलर चालवायची नोकरी ठरल्यात जमा होती, ती गेली. उरलेला जन्म वजनकाट्याच्या खोलीत डाव्या हाताने आकडे लिहिण्यात गेला.

"दादा, मी लिव्हरला हात लावला नव्हता," धाकटा दवाखान्यात म्हणाला होता.

"मग काय तिला पाय फुटले?" थोरला म्हणाला होता.

त्यांचं ते शेवटचं बोलणं. धाकटा जिवंत होता तोवर थोरल्याला एका गोष्टीची खात्री होती. तो गेला, आणि रोज ताट पालथं घालताना मनात यायला लागलं, खरंच लावला नसेल तर?

२

फाटकाची बिजागरी निखळली म्हणून वेल्डरला बोलावलं, त्यातून पुढचं सगळं झालं. वेल्डर अंगाने आडवा, तोंडाने त्याहून मोठा. बिजागरी राहिली बाजूला, आणि तो शेडच्या फटीला डोळा लावून उभा राहिला.

"काका, आत कोण आहे?"

"कोण असणार? कुणी नाही."

"अहो, एवढे आजोबा बसलेत आणि कुणी नाही म्हणता! हे मॉडेल मी फक्त फोटोत पाहिलंय. सुरू आहे?"

"नाही."

"करायचा?"

वेल्डर आणि त्याच्यासारखे आणखी काही जण जुन्या यंत्रांमागे वेडे झालेले होते. रविवार आला की कुणाच्या तरी अंगणात जमायचं, गंजलेलं काहीतरी खोलायचं, हात काळे करून घरी जायचं आणि बायकोची बोलणी खायची. त्यात एक दातांच्या डॉक्टरीण बाईही होत्या. वेल्डर म्हणाला, "त्यांना बोलणी खावी लागत नाहीत, त्या घरी बोलणी देतात."

थोरला तसाही सावकाश बोलणारा. वेल्डरने बिजागरी जोडली, सामान आवरलं, पाणी प्यायला.

"सुरू झाला," थोरला शेवटी म्हणाला, "तर ती लिव्हर आपली आपण वर जाते का, तेवढं मला बघायचंय."

"तेवढंच?"

"तेवढंच."

३

रविवारमागून रविवार गेले. डॉक्टरीण बाई जुन्या सलवार-कमीजवर नवऱ्याचा शर्ट घालून यायच्या आणि आल्या आल्या ट्रॅक्टरखाली सरकायच्या. वेल्डर वर उभा राहून बडबड करायचा. टाकीतून गंजाचा चिखल निघाला. एका सिलिंडरमध्ये उंदराचं घर निघालं, पिल्लं मोठी होऊन केव्हाच निघून गेलेली. दोघेही एकमेकांना घालून पाडून बोलायचे आणि थोरल्याला मात्र "काका, हे धरा", "काका, आता सावलीत बसा" असं जपायचे. इतक्या माणसांचा आवाज त्या शेडने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. थोरला चहा करायचा आणि त्याला बरं वाटायचं. बरं वाटतंय याचाच थोडा रागही यायचा.

मधल्या दिवसांत तो एकटा जाऊन बारीकसारीक करायचा. अशाच एका सकाळी पेट्रोलच्या नळीवरची तार सैल करायला त्याने पक्कड लावली. तार पिळून बांधलेली. नेहमीच्या बाजूने उलगडायला गेला तर ती सुटायच्या ऐवजी आवळली, आणि तटकन तुटली.

त्याने तुकडा उजेडात धरला. पीळ उलटा होता.

त्याने इतर तारा पाहिल्या. वायरिंगवरच्या सगळ्या सरळ पिळाच्या. पेट्रोलच्या नळीवरच्या दोन आणि ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोजवळची एक, या तेवढ्या उलट्या. तार नवी, चकचकीत, वेल्डरनेच आणलेली.

"कुणाचं काम हे?" त्याने रविवारी विचारलं.

"माझं नाही बुवा. बाईंचं असेल."

"मी तार बांधतच नाही," खालून आवाज आला. "नखं मोडतात. दवाखान्यात लोक बघतात."

"मग तुम्हीच बांधली असेल काका. आणि विसरला असाल."

थोरल्याने मान डोलावली. वय झालं, विसरलो असेन. शिवाय तो आता डाव्या हाताने काम करायचा. डाव्या हाताने पीळ उलटा पडणारच, त्यात नवल काय? त्याने स्वतःला हे व्यवस्थित समजावलं. मग घरी जाऊन तारेचा एक तुकडा घेतला, आणि डाव्या हाताने पिळून पाहिला. पीळ सरळ पडला. जन्माचा उजवा माणूस तो. हात बदलला तरी हाताला लागलेलं वळण बदललं नव्हतं.

धाकटा डावखुरा होता. त्याने बांधलेल्या गाठी सोडवताना वडील शिव्या घालायचे.

४

शेडच्या आपल्या बाजूच्या दाराची किल्ली थोरल्याच्या कमरेला असायची. तेव्हा आत कुणी जात असेल तर ते पलीकडच्या दाराने. भावजयीने कुणाला तरी आत सोडलं असेल. असा विचार करून तो गल्लीतून वळसा घालून तिच्या दारात गेला. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा.

ती निवडायला बसली होती. त्याला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं आणि उठली. "या भावजी," म्हणाली, जणू तो कालच येऊन गेला होता. तेच त्याला जास्त लागलं.

"शेडचं तुमच्याकडचं दार कोण उघडतं?"

"कोण उघडणार? किल्ली यांच्या खिशात असायची. कपड्यांबरोबर कुठे गेली कळलं नाही." तिने त्याला मागे नेलं. कुलूप होतं. कुंभारमाशीने किल्लीच्या भोकावर मातीचं घर बांधून ठेवलं होतं, आणि ते वाळून दगड झालेलं. थोरल्याने बोट लावून पाहिलं. कुठे चीर नव्हती.

"तो आत जायचा?"

"रोज. जेवण झालं की." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला ऐकू यायचं नाही का भावजी? सीट वाजायची की. बसताना एकदा, उठताना एकदा."

थोरल्याने कुलपावरचं बोट काढून घेतलं. "करायचा काय आत?"

"काही नाही. बसायचे. मी एकदा बघितलं दारातून. हात दोन्ही मांडीवर ठेवून बसले होते, लिव्हरपासून लांब. पुन्हा कुणाला लागायला नको म्हणून हँडल काढून घरात आणून ठेवलं होतं यांनी." ती आत गेली आणि पोत्यात गुंडाळलेलं हँडल घेऊन आली. तेल लावून जपलेलं. "सुरू करताय ना? मग घेऊन जा. आधी आधी फार बोलायचे हो, मी हात लावला नव्हता, मी हात लावला नव्हता. मग बोलायचं सोडलं. अगदी शेवटी एकदा म्हणाले, लावला असता तर बरं झालं असतं. निदान एवढं सोसल्याचं काहीतरी कारण तरी झालं असतं."

थोरल्याचं त्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तो दुसरंच काही मोजत होता.

"बसायचा कुठवर?"

"अंथरूण धरलं तोवर. मग कुठलं काय."

तो हँडल घेऊन घरी आला आणि पायरीवर बसला. ऊन उतरायला लागलं होतं. धाकट्याने अंथरूण धरलं, मग धाकटा गेला, त्यालाही वर्ष झालं. या सगळ्या दिवसांत आपण दुपारी इथेच बसत होतो. एके दिवशी तो आवाज थांबायला हवा होता. कोणत्या दिवशी थांबला?

त्याला आठवेना. मग हळूहळू, पायांकडून थंडी चढावी तसं, त्याच्या लक्षात आलं. आज जेवणानंतरही आपण तो ऐकला होता.

५

त्यानंतर तो दुपारी पायरीवर बसेनासा झाला. आतल्या खोलीत खाट ओढून पडायचा, अंगावर पांघरूण घेऊन. लोखंड आहे, उन्हाने वाजणारच, असं म्हणायचा. सीट म्हणजे पत्र्याची थाळी, खाली पोलादी पाटा. उन्हाने पाटा ताणतो, सावली आली की आकसतो. इतकं साधं आहे. मग आभाळ भरून आलं, दिवसभर सूर्य दिसला नाही, आणि त्या दुपारीही जेवणानंतर सीट वाजली. बसल्यासारखी.

त्याने ठरवलं की हे काम थांबवायचं. रविवारी सांगायलाच तो शेडमध्ये गेला. डॉक्टरीण बाई स्टेअरिंगखाली मान घालून बसल्या होत्या. एका हातात दवाखान्यातला लहानसा आरसा, दुसऱ्या हातात बॅटरी.

"काका, इकडे या. तुम्हाला बघायचं होतं ना? या लिव्हरचे दात गेलेत."

"बाई," वेल्डर म्हणाला, "रविवारी तरी."

"गंमत नाही. बघा ना. ही दातेरी पट्टी. लिव्हर कुठेही ठेवली की हिच्या दातात अडकून तिथेच राहायला हवी. पण दात घासून गुळगुळीत झालेत. खालचे तर राहिलेच नाहीत. तुम्ही जरा हलवा बरं."

वेल्डरने मडगार्डला दोन्ही हात लावून ट्रॅक्टर गदागदा हलवला. लिव्हर खाली होती. ती थरथरली, जरा वर सरकली, थबकली, आणि मग आपली आपण सरळ वर गेली. कुणाचाही हात तिच्या आसपास नव्हता.

"हँडल मारताना याहून जास्त हादरा बसतो," बाई म्हणाल्या. "झीज जुनी आहे. तिच्यावर गंज चढलाय, म्हणजे ट्रॅक्टर उभा राहायच्या आधीपासून अशीच असणार. याला हँडल मारणाऱ्याचा हात शाबूत राहिला असेल तर नशीबच म्हणायचं."

वेल्डरची नजर थोरल्याच्या मनगटावर गेली आणि त्याने ती पटकन काढून घेतली.

"पुन्हा हलव," थोरला म्हणाला.

वेल्डरने हलवला. लिव्हर वर गेली.

"पुन्हा."

"काका..."

"हलव रे बाबा. एकदाच."

लिव्हर पुन्हा वर गेली. थोरल्याने ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ टेकली आणि हळूहळू खाली बसला. वडिलांना तो पट्टी बदलायला सांगू शकला असता. तो स्वतः वाकून बघू शकला असता, त्याच दिवशी, एका हाताने सुद्धा. बघायला आरसा लागला नसता. नुसतं वाकावं लागलं असतं.

वेल्डरने पुढच्या रविवारी नवी पट्टी कापून, दात घासून आणली. बसवली आणि लिव्हरला लटकून पाहिलं. "आता भूकंप झाला तरी जागची हलणार नाही. कुणी हाताने ओढली तरच. आणि तीही एकेक दात, टक टक करत."

६

सुरू व्हायच्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. जुन्या यंत्रांचे वेडे होतेच, गल्लीतलेही आले. डॉक्टरीण बाई सीटवर बसल्या. हँडल वेल्डरने धरलं, अंगठा बाहेर ठेवून. थोरल्याने तो स्वतः तपासला.

दोन वेळा काही नाही. तिसऱ्यांदा इंजिनाने खोकल्यासारखं केलं, धुराचा एक गोळा सोडला, आणि धरलं. सगळी शेड हादरायला लागली. पत्र्यावरची धूळ लोकांच्या डोक्यावर पडली आणि लोक टाळ्या वाजवत, शिंकत, हसत बाहेर पळाले. "आजोबा उठले!" वेल्डर लहान पोरासारखा नाचत होता. लिव्हर जिथे ठेवली होती तिथेच राहिली. बाईंनी हात वर करून दाखवले. "बघा काका, सोडली मी!"

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं. भावजय भिंतीपलीकडे उभी होती, पदर तोंडाला लावून.

माणसं पांगल्यावर तो भिंतीपाशी गेला. त्याला शब्द जुळवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"त्याने हात लावला नव्हता. दात झिजले होते. आपली आपण वर गेली ती."

भावजयीने पदर खाली घेतला. तिचे डोळे कोरडे होते. "मला काय सांगता भावजी? मला तर पहिल्यापासून माहीत होतं."

"मग कुणाला सांगू?"

"ज्याला सांगायचं त्याला सांगायला हवं होतं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. दार लावल्याचा आवाजही केला नाही.

७

त्या दुपारी थोरला जेवला नाही. तरी वेळ झाल्यावर पायरीवर जाऊन बसला. पत्रा तडतडत होता. पलीकडे नळ बंद होता. तो वाट पाहत बसला, आणि आपण वाट पाहतोय हे त्याने स्वतःशी कबूल केलं.

कुर्र.

तो उठला, अंगण ओलांडून शेडचं दार उघडलं आणि आत गेल्यावर मागे लोटून घेतलं.

आत अजून सकाळच्या धुराचा वास होता. इंजिन कोमट. पलीकडच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक काडी आत आली होती आणि बरोबर सीटवर पडली होती. सीट रिकामी होती. फक्त तिच्याखालचा पाटा दबलेला होता. रिकाम्या सीटचा पाटा कमानीसारखा वर असतो. हा सरळ झाला होता, भरल्या अंगाच्या माणसाखाली होतो तसा.

थोरल्याने सीटकडे फार वेळ पाहिलं नाही. त्याने पेट्रोलचा नळ उघडला. वाकून लिव्हर खालीच आहे, दातात बसली आहे याची खात्री केली, गिअर पाहिला. मग पुढे जाऊन हँडल लावलं. या सगळ्यात त्याचे हात स्थिर होते. शेवटी हात हेच करत मोठे झालेले.

"तू हात लावला नव्हतास," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "पट्टीचे दात झिजले होते. मला दाखवलं त्यांनी. मी आधी बघायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं, नीट, भावासारखं. झालं ते झालं म्हणायचं तोंड नाही मला. पण तू लावला नव्हतास."

आत काहीच हललं नाही. पत्र्यावरून एखादं पाखरू चालत गेल्याची नखं वाजली.

आणखी काय करावं त्याला कळेना. बोलण्याची सवय त्याला कधीच नव्हती. मग त्याने डावा हात, धडधाकट राहिलेला एकुलता एक हात, हँडलवर ठेवला. जरा उंच धरला, सीटवरून दिसेल असा, आणि अंगठा आत घेतला. विळखा घातला.

"बसलास?" त्याने विचारलं.

सीट वाजली. कुणी नीट सावरून बसावं तशी.

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पाय रोवले, अंग वाकवलं आणि हँडल ओढायला सुरुवात केली. इंजिन जड, सकाळपेक्षा जड. दाब येईपर्यंत हँडल सावकाश वर यायचं, मग एक हिसका. त्या सावकाश भागात त्याने ऐकलं.

टक.

अंगठा बाहेर काढायला अजून वेळ होता. त्याने मान वर केली.

टक. टक.

बॉनेटच्या कडेने, स्टेअरिंगखालच्या अंधारात, लिव्हरवर बोटं होती. डाव्या हाताची. नखांत काळं तेल. चार बोटं लिव्हरभोवती अगदी व्यवस्थित वळलेली, आणि अंगठा बाहेर ठेवलेला, वडिलांनी शिकवला तसा. ती घाईने ओढत नव्हती. एकेक दात करत वर नेत होती, शेवटच्या दातापर्यंत.

थोरल्याच्या हाताने तोवर हिसका मारला होता, अंगठा आतच ठेवून.

८

डावं मनगट उजव्यापेक्षा वाईट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, आणि वय पाहता पुढे काय होईल ते सांगता येत नाही, असं सांगून दवाखान्याने घरी सोडलं. भावजय येऊन त्याला भात कालवून भरवायची. पहिल्या घासाला तो रडला, दुसऱ्याला नाही.

रविवारी वेल्डर आणि डॉक्टरीण बाई आले. शेडमध्ये गेले, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. वेल्डरचा चेहरा उतरला होता.

"काका, लिव्हर पार वर आहे. शेवटच्या दातात. हाताने ओढल्याशिवाय जातच नाही ती तिथे, मी आत्ता पुन्हा लटकून बघितलं. निघताना मी स्वतः खाली करून गेलो होतो. कुणी होतं का तुमच्याबरोबर?"

"दार आतून लोटलेलं होतं म्हणे," बाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला कळलं पाहिजे काका. कुणी मुद्दाम केलं असेल तर..."

पायरीच्या कडेला भावजय उभी होती, हातात रिकामी वाटी. तिची नजर थोरल्याच्या तोंडावर खिळली होती. वाटी धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती.

थोरल्याने प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला. शेजारी वाकडा उजवा. दोन्हींकडे त्याने पाहिलं, आणि नेहमीसारखा सावकाश बोलला.

"कुणी नव्हतं. मीच वर ठेवून विसरलो." मग त्याने मान भावजयीकडे वळवली, आणि ते वाक्य अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. ते खरं होतं तेव्हा अर्धा जन्म त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"त्याने हात लावला नव्हता."

भावजयीने वाटी पायरीवर ठेवली, तोंडाला पदर लावला आणि इतक्या वर्षांचं रडून घेतलं.

जेवणं होऊन गेली होती. ऊन पत्र्यावर आलं होतं, पत्रा तडतडत होता. थोरला शेडकडे कान देऊन बसला. सीट वाजली नाही. त्या दुपारी नाही, आणि पुढे कधीच नाही.